विश्लेषण : सिगारेट सोडायला निकोटिनची गोळी घेताय? चावू नका, आणि चहासोबत तर नकोच!

निकोटिनच्या गोळ्या किंवा गम आता मेडिकलच्या काउंटरवर सहज दिसतात. सिगारेट सोडायचे ठरवले की अनेक जण आधी एक स्ट्रिप विकत घेतात. तलफ आली की एक गोळी तोंडात टाकायची, पेपरमिंटसारखी कडाकडा चावायची आणि वर चहाचा घोट घ्यायचा. मग उचकी लागते, घसा जळतो, तलफ मात्र तशीच राहते. दोन दिवसांत ‘याने काही होत नाही’ असा निष्कर्ष निघतो, स्ट्रिप ड्रॉवरमध्ये जाते आणि पाय पुन्हा टपरीकडे वळतात.

दोष बहुतेक वेळा गोळीचा नसतो, ती घेण्याच्या पद्धतीचा असतो. ही गोळी चॉकलेट नाही, औषध आहे. तिची मात्रा, वेळ आणि तोंडात ठेवण्याची रीत ठरलेली आहे. ती काम कशी करते, कुणी किती घ्यायची आणि कुणी आधी डॉक्टरांना विचारायचे, ते समजून घेऊ.

सिगारेटमधले निकोटिन वाईट, मग गोळीतले चांगले कसे?

सिगारेटची सवय लागते ती निकोटिनमुळे. पण कर्करोग, हृदयविकार आणि फुप्फुसाचे आजार मुख्यतः होतात ते धुरामुळे. तंबाखू जळते तेव्हा ७ हजारांहून अधिक रसायने तयार होतात. त्यांतली किमान ६९ कर्करोगाला कारणीभूत ठरणारी आहेत. शिवाय कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. लोक ओढतात निकोटिनसाठी, पण मरतात डांबरामुळे, या आशयाची मांडणी ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच केली होती.

गोळीमागचा विचार एवढाच. शरीराला सवय झालेले निकोटिन काही आठवडे धुराशिवाय द्यायचे आणि हळूहळू कमी करत बंद करायचे. याला निकोटिन रिप्लेसमेंट थेरपी म्हणतात. तिची सुरुवात १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये झाली. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नसे, तेव्हा तिथले नौसैनिक तोंडात ठेवायच्या तंबाखूवर वेळ मारून नेत. हे तिथल्या संशोधकांच्या लक्षात आले आणि त्यातून निकोटिन गमची कल्पना पुढे आली. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने आणि १९८४ मध्ये अमेरिकेने या गमला मान्यता दिली. चोखायची गोळी, म्हणजे लॉझेंज, त्यानंतर आली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या थेरपीचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ती २०२२ मध्ये आली.

याचा अर्थ निकोटिन निरुपद्रवी आहे असा नाही. ते सवय लावते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. सिगारेट न ओढणाऱ्याने ‘सहज बघू’ म्हणून ही गोळी घेऊ नये. पण आधीच रोज दहा-पंधरा सिगारेट ओढणाऱ्यासाठी ती सिगारेटपेक्षा कितीतरी कमी धोक्याची आहे.

गोळी चावली तर नेमके काय बिघडते?

सिगारेटच्या झुरक्यातले निकोटिन फुप्फुसातून १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. गोळीतल्या निकोटिनचा मार्ग वेगळा आहे. ते गालाच्या आणि हिरड्यांच्या आतल्या नाजूक त्वचेतून सावकाश रक्तात उतरते. रक्तातली पातळी वर यायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो.

चावून किंवा गिळून निकोटिन पोटात गेले, की आतड्यातून ते थेट यकृताकडे जाते. यकृत त्यातला मोठा भाग मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच मोडून टाकते. म्हणजे तलफेवर उपयोग कमी आणि उचक्या, मळमळ, छातीत जळजळ हे त्रास जास्त. गोळी ‘लागू पडत नाही’ आणि ‘सहनही होत नाही’ या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेकदा इथेच असते.

दुसरा मुद्दा आंबटपणाचा. निकोटिन अल्कलीधर्मी आहे. तोंडातली लाळ किंचित अल्कलीधर्मी असली तरच ते त्वचेतून नीट आत शिरते. म्हणून गोळीत तसे क्षार मुद्दाम घातलेले असतात. कॉफी, कोला, फळांचा रस, लिंबू किंवा कोकम सरबत, ताक यांमुळे तोंड आंबट होते आणि या क्षारांचा परिणाम पुसला जातो. चहाच्या घोटाबरोबर तर निकोटिन मिसळलेली लाळ सरळ पोटात वाहून जाते.

मग गोळी घ्यायची कशी?

१. गोळी घेण्याआधी १५ मिनिटे काही खाऊ-पिऊ नका. आंबट काही घेतले असेल तर साध्या पाण्याने चूळ भरा आणि थोडे थांबा.

२. गोळी तोंडात ठेवा आणि विरघळू द्या. चावू नका, गिळू नका. मोठी गोळी विरघळायला साधारण २० ते ३० मिनिटे लागतात, लहान आकाराची गोळी त्याहून लवकर संपते.

३. मधूनमधून ती एका गालातून दुसऱ्या गालात सरकवा. एकाच जागी ठेवली तर तिथे चुरचुरते.

४. किंचित झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवेल. ते अपेक्षित आहे. लाळ शक्य तितकी कमी गिळा.

५. गोळी तोंडात असेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका.

गमची रीत थोडी वेगळी आहे. तो च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा आणि जागा बदलून ठेवायचा. असे सुमारे अर्धा तास चालते. कवळी असलेल्यांना, जबडा दुखणाऱ्यांना किंवा गुटखा-माव्यामुळे तोंड कमी उघडणाऱ्यांना गम अवघड जातो. त्यांना गोळी सोयीची पडते. मात्र तोंड उघडायला त्रास होत असेल किंवा न बरा होणारा व्रण असेल, तर गोळीच्याही आधी दंतवैद्याला तोंड दाखवा.

२ मिलिग्रॅम की ४ मिलिग्रॅम?

हे दिवसाला किती सिगारेट ओढता यापेक्षा एका साध्या प्रश्नावरून ठरवले जाते. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट कधी पेटते? उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत पेटत असेल, तर अवलंबित्व जास्त समजले जाते आणि ४ मिलिग्रॅमची मात्रा सुचवली जाते. त्यानंतर पेटत असेल तर २ मिलिग्रॅमची पुरते.

कारण सरळ आहे. निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येते. रात्रभराच्या झोपेनंतर ते जवळपास संपलेले असते. उठल्याउठल्या हात पाकिटाकडे जात असेल, तर शरीराची मागणी मोठी आहे.

आपल्याकडे २ मिलिग्रॅमचा गम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. ४ मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी चिठ्ठी लागते. त्यामुळे घडते असे, की उठल्याबरोबर ओढणारा माणूस सहज मिळते म्हणून कमी मात्रा घेतो आणि ती पुरत नाही म्हणून सोडून देतो. पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत असेल तर डॉक्टरांची एक भेट वाचवू नका.

दिवसाला किती गोळ्या? जास्त झाल्या तर?

नेहमीचा कार्यक्रम १२ आठवड्यांचा असतो. पहिले ६ आठवडे दर १ ते २ तासांनी एक गोळी. ७ ते ९ आठवड्यांत दर २ ते ४ तासांनी एक. १० ते १२ आठवड्यांत दर ४ ते ८ तासांनी एक. मग बंद.

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ‘औषध आहे, कमीच बरे’ म्हणून दिवसाला दोन-तीन गोळ्यांवर भागवायचा प्रयत्न होतो. पहिल्या ६ आठवड्यांत दिवसाला किमान ९ गोळ्या घ्याव्यात, अशी शिफारस आहे. रोज १५ सिगारेटची सवय असलेल्या शरीराला दोन गोळ्या म्हणजे तहानलेल्याला चमचाभर पाणी. उरलेली तहान मग टपरीवर भागते.

दुसरी गल्लत वेळेची. गोळीला असर व्हायला वेळ लागतो, म्हणून तलफ शिगेला पोहोचेपर्यंत थांबू नका. घड्याळ लावून घ्या. मोबाइलवर दर दीड तासाचा अलार्म लावला तरी पुरे. रोज ज्या वेळी हमखास सिगारेट पेटते, उदाहरणार्थ जेवणानंतर किंवा मीटिंग संपल्यावर, त्याच्या अर्धा तास आधी गोळी तोंडात असेल असे बघा. जेवणाच्या बाबतीत मधली १५ मिनिटे मोकळी सोडायला विसरू नका.

वरची मर्यादाही पाळायची आहे. एका वेळी एकच गोळी. एकामागोमाग एक सलग नाही. ६ तासांत ५ पेक्षा जास्त नाहीत. २४ तासांतली कमाल मर्यादा ब्रँडनुसार १५ ते २० गोळ्या असते. तुमच्या पाकिटातल्या माहितीपत्रकावरचा आकडा अंतिम माना.

मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी, थंड घाम, तोंडाला पाणी सुटणे, छातीत धडधड ही निकोटिन जास्त झाल्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर गोळी थुंकून टाका, पुढची घेऊ नका आणि डॉक्टरांशी बोला. लहान मुलांसाठी एक गोळीही धोकादायक ठरू शकते. तिची चव आणि रूप गोळी-चॉकलेटसारखे असते. त्यामुळे स्ट्रिप टीपॉयवर किंवा पर्समध्ये उघडी ठेवू नका. वापरलेला गम कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. मुलाने गोळी खाल्ली असेल तर लक्षणांची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायचे?

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत, तसेच छातीत वारंवार दुखणाऱ्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांनी ही गोळी स्वतःहून सुरू करू नये. उच्च रक्तदाब, पोटातला अल्सर, मधुमेह, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तरीही आधी विचारा. गर्भवती, स्तनदा माता आणि १८ वर्षांखालील मुलांनीही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

पण ‘हृदयाचा त्रास आहे म्हणून गोळी नको, त्यापेक्षा दोन सिगारेट परवडल्या’ हा हिशेब साफ उलटा आहे. सिगारेटमधून निकोटिन मिळतेच, वर कार्बन मोनॉक्साइडही. विचारायचे ते गोळी कशी आणि कोणत्या मात्रेत घ्यायची यासाठी, सिगारेट चालू ठेवण्यासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सिगारेटच्या धुरातील काही रसायने यकृतातल्या एका एन्झाइमचा वेग वाढवतात, त्यामुळे काही औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात. धूर बंद झाला की हा वेग पूर्ववत होतो आणि त्याच डोसची रक्तातली पातळी वाढते. दम्यासाठी थिओफायलिन, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर जास्त वेळा तपासावी. हे बदल धूर थांबल्यामुळे होतात, गोळीमुळे नाही.

कॅफिनचेही असेच होते. सिगारेट सोडल्यावर तितक्याच चहा-कॉफीतून रक्तातले कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकते. हात थरथरणे, झोप उडणे, अस्वस्थता याला लोक ‘सिगारेट सोडल्याचा त्रास’ समजतात. त्यातला काही वाटा रोजच्या सहा कप चहाचा असतो. पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणा. चहा-सुट्टा ही जोडी तुटायलाही त्याने मदत होते.

गोळी चालू असताना सिगारेट ओढली तर हार्ट अटॅक येतो का?

ही भीती सर्रास ऐकू येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. गोळी किंवा गम वापरताना सिगारेट ओढली गेली तर सुरक्षेच्या दृष्टीने मोठी चिंता नाही, असे सांगून तसा इशारा पाकिटावरून काढायला त्याने परवानगी दिली. याचा अर्थ दोन्ही जोडीने चालू ठेवा असा नाही. अर्थ इतकाच, की लग्नात किंवा मित्रांच्या बैठकीत एखादी ओढली गेली, तर ‘आता सगळे गेले’ म्हणून गोळी बंद करू नका. पुढची गोळी ठरल्या वेळी घ्या आणि पुढची सिगारेट टाळा.

खरेच सुटते का?

गोळी जादू करत नाही. कुठल्याही मदतीशिवाय, केवळ निश्चयावर सोडणाऱ्या १०० जणांपैकी सहा महिने ते वर्षभर दूर राहणारे साधारण ३ ते ५ असतात. निकोटिन रिप्लेसमेंटमुळे यश मिळण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. १३० हून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१८च्या अहवालात हा निष्कर्ष आहे. त्वचेवर लावायचा पॅच आणि त्याच्या जोडीला गोळी किंवा गम असे एकत्र वापरले, तर परिणाम एकट्या उपायापेक्षा चांगला येतो. ही जोडी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा. गोळीने भागत नसेल तर व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन अशी निकोटिनविरहित औषधेही चिठ्ठीवर मिळतात.

गोळीला समुपदेशनाची जोड मिळाली की पारडे आणखी जड होते. गोळी शरीराची मागणी भागवते, टपरीवरची मैत्री आणि कंटाळ्यावरचा उपाय नाही. एका तलफेचा जोर बहुधा ३ ते ५ मिनिटे टिकतो. तेवढा वेळ जिना उतरून या, पाणी प्या, बडीशेप चघळा (गोळी तोंडात नसेल तेव्हा) किंवा कुणाला तरी फोन लावा. चिडचिड, झोप न लागणे, भूक वाढणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि २ ते ४ आठवड्यांत ओसरतो.

खर्चाचा हिशेबही आधी करा. वरच्या वेळापत्रकानुसार १२ आठवड्यांत अंदाजे साडेपाचशे गोळ्या लागतात. आकडा मोठा वाटतो. पण रोज १५ सिगारेट ओढणारा तेवढ्याच ८४ दिवसांत १,२६० सिगारेट ओढतो. तुमच्या ब्रँडची आणि स्ट्रिपची छापील किंमत घालून दोन्ही गुणाकार करून बघा. गोळीचा खर्च १२ आठवड्यांनी थांबतो, हा त्यातला मुख्य फरक.

१२ आठवड्यांनंतरही गोळी सुटत नसेल तर?

काही जणांना शेवटच्या दोन-तीन गोळ्या सोडणे जड जाते. अशा वेळी दोन गोळ्यांमधले अंतर वाढवा, एखाद्या वेळी तिच्याऐवजी साखरविरहित साधी गोळी घ्या आणि डॉक्टरांना सांगा. काही आठवडे जास्त लागले तरी ते पुन्हा सिगारेटकडे वळण्यापेक्षा बरे. मात्र महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेत राहू नका.

आपल्याकडची आणखी एक फसगत म्हणजे सिगारेट सुटते आणि तिची जागा मिश्री, मावा किंवा तंबाखूची चिमूट घेते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात आणि त्यात धूरविरहित तंबाखूचा वाटा फार मोठा आहे. चघळायची तंबाखू हा गोळीचा पर्याय नाही, तो तोंडाच्या कर्करोगाचा रस्ता आहे. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे. बिडीही सिगारेटपेक्षा ‘हलकी’ नाही.

मदत कुठे मिळेल?

याच सर्वेक्षणात देशातल्या ५५.४ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. त्यांच्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन २०१६ पासून चालू आहे. क्रमांक १८००-११-२३५६, कॉल मोफत. हा क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावरही छापला जातो. सोमवार सोडून सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत समुपदेशक बोलतात. मुंबईतील टाटा मेमोरियलही या सेवेचे एक केंद्र आहे. फोनवर बोलायचे नसेल तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल देऊन केंद्र सरकारच्या मोबाइल संदेश सेवेत नाव नोंदवता येते.

सोडण्याची तारीख ठरवा आणि घरच्यांना सांगा. त्या दिवशी घरातली पाकिटे, लायटर, ॲशट्रे बाहेर काढा. शेवटच्या सिगारेटनंतर २० मिनिटांत हृदयाची गती उतरू लागते. एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड पूर्वपदावर येतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो आणि दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण निम्मा होतो. स्ट्रिप आणली असेल, तर आतले माहितीपत्रक फेकू नका. पहिली गोळी घेण्याआधी ते एकदा वाचा.